हाडं नेमकी किती?

गेल्या दिवाळीत घरी बरीच मंडळी जमली होती. त्यांत माझ्या चुलतबहिणीचा नातू होता, नुकताच एमबीबीएसला लागलेला. फराळाच्या वेळी कुणीतरी त्याला विचारलं, "काय रे, काय शिकवतात सध्या?" तो म्हणाला, "शिकवतात कसलं, पाठ करून घेतात. हाडावरचा एकेक खड्डा, एकेक उंचवटा. पुढच्या वर्षी सगळं विसरायचं." त्याचा मामा सर्जन आहे, स्वतःचं रुग्णालय चालवतो. चिवड्याची वाटी खाली ठेवत त्याने निकाल दिला, "मला आज ब्रॅकियल प्लेक्ससची आकृती काढायला सांग, जमणार नाही. काय अडलंय माझं?" सगळे हसले आणि माझ्याकडे बघू लागले, कारण मी एकतीस वर्षं हाच ॲनाटॉमीचा विषय शिकवला. मी चकली खात राहिलो. तोंडात चकली असताना वाद घालू नये. आता तोंड मोकळं आहे.

समोरच्याचं म्हणणं आधी दुबळं करायचं आणि मग ते पाडून दाखवायचं, ही खंडनातली जुनी लबाडी. म्हणून पूर्वपक्ष त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडतो. पहिल्या वर्षी ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. तिन्हींत नावांचा, आकड्यांचा, आकृत्यांचा डोंगर. अठरा वर्षांचं पोर रुग्ण बघायच्या ओढीने आलेलं असतं आणि त्याला वर्षभर फॉर्मॅलिनच्या वासात मृतदेहाशेजारी उभं केलं जातं. क्रेब्ज सायकल कुठल्याच रुग्णाच्या कामी येत नाही. पाठ केलेलं दोन वर्षांत पुसलं जातं आणि पुसलेलं खिशातल्या मोबाईलवर दोन सेकंदांत सापडतं. मग हे वर्ष कापा, उरलेलं खाटेशेजारी शिकवा. हे काही निव्वळ कंटाळलेल्या विद्यार्थ्यांचं रडगाणं नाही. अमेरिकेत १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर 'दोन वर्षं मूलभूत विज्ञान, मग दोन वर्षं रुग्णालय' अशी घडी बसली होती, ती मोडायचं काम चांगल्या चांगल्या विद्यापीठांनी केलं. कॅनडातल्या मॅकमास्टरने १९६९ मध्ये विषयवार पहिलं वर्ष ठेवलंच नाही आणि रुग्णाची समस्या समोर ठेवून शिकवायला सुरुवात केली. आपल्याकडे १९९७ च्या नियमांनी पहिल्या एमबीबीएसचे अठरा महिने बारावर आणले. २०१९ पासूनच्या क्षमताधारित अभ्यासक्रमात तर पहिल्याच वर्षी विद्यार्थी वॉर्डात जाऊ लागले.

वॉर्डात लवकर जाण्याला माझी ना नाही. उलट ते फार उशिरा झालं. माझं भांडण आहे ते या सगळ्याच्या मुळाशी असलेल्या एका गृहीताशी: पहिल्या वर्षी नावं शिकतात, हे गृहीत. एकदा ते मान्य केलं की बाकीचं सगळं आपोआप सिद्ध होतं, कारण नावांसाठी मोबाईल खरोखरच पुरे आहे.

आता साधा प्रश्न घेऊ. माणसाच्या शरीरात हाडं किती? शाळकरी मूलही सांगेल, २०६. चरक सांगतो ३६०. सुश्रुत शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात म्हणतो की वेदवादी ३६० मानतात, पण शल्यतंत्रात ती ३००च आहेत. म्हणजे हा वाद दोन हजार वर्षांपासून चालू आहे, आणि तोही खंडन-मंडनाच्याच रीतीने. आपण आधुनिक मंडळी हसतो आणि म्हणतो, दोघांचंही चुकलं. पण सुश्रुताने हाडांचे प्रकार कुठले केलेत ते बघा: कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. रुचक म्हणजे दात, तरुण म्हणजे कूर्चा. दात आणि कूर्चा हाडांत धरली की आकडा फुगणारच. हर्नले नावाच्या प्राच्यविद्यापंडिताने १९०७ साली या मोजणीवर अख्खं पुस्तक लिहिलं, ते उगीच नाही. आणि आपले २०६ तरी कुठे निसर्गाने कोरून दिलेत? कमरेखालचे पाच मणके जुळून झालेलं त्रिकास्थी आपण एक मोजतो. गुडघ्याची वाटी स्नायूच्या दोरीत घडलेलं हाड, ती मोजतो. पायाच्या अंगठ्याखाली तसलीच दोन इवली हाडं असतात, ती मोजत नाही. कवटीच्या शिवणींत काहींच्या जादा तुकडे असतात, तेही नाहीत. लहान बाळाची हाडं तर याहून कितीतरी जास्त, कारण ती अजून जुळलेली नसतात. २०६ हा एक ठराव आहे. चांगला आहे, सोयीचा आहे, पण ठराव.

हे विद्यार्थ्याला कुठे कळतं? वसतिगृहातल्या पलंगावर बोन सेट पसरून बसल्यावर. तो एक हाड उचलतो, चौरसियाच्या पाठ्यपुस्तकातली आकृती बघतो, आणि आकृतीतला उंचवटा हाडावर जवळजवळ नसतो. शेजारच्याच्या हाडावर तो चांगला ठसठशीत असतो. पहिल्या महिन्यात त्याला वाटतं, आपलं हाड खराब आहे. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कधीतरी त्याच्या डोक्यात उजाडतं की हाड ठीक आहे, आकृती ही शेकडो हाडांची सरासरी आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की पहिलं वर्ष हे उजाडण्याचं वर्ष आहे. पुस्तक आणि देह यांचं पटत नाही, आणि पटलं नाही की देह खरा, हे तिथे हाताने शिकतात.

सुश्रुताला हे पक्कं ठाऊक होतं. त्याने शरीर बघायची पद्धत सांगितली ती मुद्दाम वाचावी अशी आहे. देह गवताने गुंडाळायचा, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात, लोकांच्या नजरेआड ठेवायचा. सात रात्रींनी काढायचा आणि वाळा, केस, बांबू यांच्या कुंचल्याने हळूहळू खरवडत एकेक थर डोळ्यांनी बघायचा. शास्त्रात वाचलेलं आणि प्रत्यक्ष पाहिलेलं, दोन्ही जुळलं तरच ज्ञान वाढतं, असं त्याचं म्हणणं. युरोपात हाच धडा फार उशिरा गिरवला गेला. प्राचीन वैद्य गॅलेनने प्राण्यांची शरीरं फाडून लिहिलं की खालचा जबडा दोन हाडांचा असतो. बाराशे-तेराशे वर्षं ते तसंच शिकवलं गेलं, समोर माणसाचा जबडा एकसंध पडलेला असताना. व्हेसॅलियसने १५४३ मध्ये ते खोडलं, तेव्हा त्याचे पॅरिसमधले गुरू सिल्व्हियस चिडून म्हणाले की माणसाचं शरीर बदललं असेल, गॅलेन चुकायचा नाही. पाठांतराचा खरा नमुना हा. आणि त्यावरचा उतारा डिसेक्शन टेबलावरच मिळाला.

सिल्व्हियसला मी फार नावं ठेवणार नाही, कारण त्याचं पाप माझ्या हातूनही घडलंय. मी तेव्हा डेमॉन्स्ट्रेटर होतो, नवा, आणि सगळं येतंय अशा थाटात. तीन नंबरच्या टेबलावर डाव्या दंडाचं डिसेक्शन चाललं होतं. तिथे एक मज्जातंतू असतो, मस्क्युलोक्युटेनिअस. तो काखेखालच्या एका स्नायूला भोसकून बाहेर येतो आणि दंडाच्या पुढच्या भागाला, म्हणजे बायसेप्सला आणि त्याच्या सोबत्यांना पुरवठा करतो. मुलांना तो सापडेना. मी बघितलं, मलाही सापडेना. मी म्हणालो, "कापलात तुम्ही. कातडीबरोबर गेला असणार. बोथट चिमटा वापरा म्हणून किती वेळा सांगायचं?" त्या टेबलावर एक मुलगी होती, तिच्याच हातात स्काल्पेल होतं. ती रडवेली झाली. दोन दिवस ती पोरं चरबीचे तुकडे चाळत तुटलेली टोकं शोधत होती. तिसऱ्या दिवशी विभागप्रमुख मॅडम फेरीला आल्या. त्यांनी हातमोजा चढवला, मीडियन नर्व्हवर बोट ठेवलं आणि दंडातून हळूहळू खाली नेलं. दंडात मीडियनला सहसा शाखा नसतात. इथे होत्या. एक बायसेप्सला, एक त्याच्या खालच्या स्नायूला. मॅडम म्हणाल्या, "कुणी काही कापलेलं नाही. यांना तो नव्हताच." मृतदेहाला त्या कायम 'यांना' म्हणत. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पोरांची माफी मागा." मागितली.

'रुग्णाशी संबंध नाही' हा आरोप मला सगळ्यांत विचित्र वाटतो, कारण पहिल्या वर्षाचं शिक्षण बाहेर रोज उभं असतं, फक्त त्याच्या गळ्यात पाटी नसते. म्हातारा माणूस सकाळी उठतो आणि आरशात तोंड वाकडं दिसतं. घरचे म्हणतात, वारं गेलं. डॉक्टर म्हणतो, "भुवया वर करा, कपाळाला आठ्या घाला." वाकड्या बाजूच्या कपाळावर आठ्या पडल्या, तर घात बहुतेक मेंदूत आहे आणि घड्याळ सुरू झालंय, कारण गुठळी विरघळवायच्या औषधाला साधारण साडेचार तासच मिळतात. आठ्या नाहीत आणि डोळाही मिटत नाही, तर बिघाड बहुधा चेहऱ्याच्या मज्जातंतूत, आणि माणूस बहुतेक वेळा काही आठवड्यांत सुधारतो. ही चाचणी अर्ध्या मिनिटाची, पण तिचं कारण पहिल्या वर्षाच्या न्यूरोॲनाटॉमीत आहे: कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्ध्यांकडून तार येते, गाल-ओठांना फक्त पलीकडच्या अर्ध्याकडून. इंजेक्शनचंही तसंच. कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या चतुर्थांशातच सुई का, हे ज्याने सायटिक नर्व्ह स्वतः उचलून पाहिला त्याला सांगावं लागत नाही. सुई चुकीच्या जागी बसली, तर पाऊल लोंबकळत चालणारं पोर गावात आयुष्यभर दिसत राहतं.

बायोकेमिस्ट्री आणि फिजिऑलॉजीची बाजू मांडताना मी एकच साक्षीदार बोलावतो. कॉलऱ्यात आतड्याच्या पेशी क्षार बाहेर टाकू लागतात, त्यामागे पाणी जातं, माणूस काही तासांत सुकतो. पण त्याच पेशीत एक दार असतं, जे कॉलऱ्याने बंद होत नाही. त्यातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत येतात, आणि त्यांच्यामागून पाणी. ही जोडी रॉबर्ट क्रेनने १९६० साली प्रागच्या एका परिषदेत मांडली. रुग्णाशी तिचा काडीचा संबंध नव्हता, कागदावरची एक आकृती. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पेटला. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं होतं. दिलीप महालनबीस या डॉक्टरांनी मीठ आणि ग्लुकोजच्या पुड्या पाण्यात कालवून प्यायला द्यायला सुरुवात केली. तीस टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. लॅन्सेटने १९७८ मध्ये त्या आकृतीला शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं.

आता कुणी म्हणेल, मग ओआरएसची पुडी द्यायला शिकवा, क्रेन कशाला? कारण पुडी नसते तेव्हा आई घरी पाणी करते आणि ते चांगलं लागावं म्हणून साखर वाढवते. कारण दुकानात ओआरएससारख्या वेष्टनात गोड पेयं मिळतात आणि बाप तीच आणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्रात सोडियम लिटरला ७५ मिलिमोल आहे आणि ग्लुकोजही ७५. हे दोन आकडे सारखे का, हे ज्याला कळलंय तो जास्तीच्या साखरेने जुलाब का वाढतात हे त्या बापाला चार शब्दांत समजावून सांगतो. ज्याने फक्त पुडीचं नाव पाठ केलंय तो म्हणतो, "हे देऊ नका, ते द्या." आणि बाप पुढच्या वेळी तेच गोड पेय आणतो.

आता विसरण्याचं. विसरतात, हे खरं आहे आणि ते मोजलेलंही आहे. हॉलंडमधल्या उट्रेख्टच्या युजीन कस्टर्स यांनी २०१० मध्ये अनेक अभ्यास तपासून लिहिलं की मूलभूत विज्ञानातलं दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश वर्षभराने टिकतं आणि त्यापुढच्या वर्षात ते निम्म्याच्याही जरा खाली येतं. पूर्वपक्षाला हा आकडा फार आवडतो. पण मॅकमास्टरच्याच, हो, पहिलं वर्ष नाकारणाऱ्या त्याच मॅकमास्टरच्या निकोल वुड्स, ली ब्रूक्स आणि जेफ्री नॉर्मन यांनी २००५ मध्ये एक प्रयोग छापला. विद्यार्थ्यांच्या एका गटाला आजारांची लक्षणं शिकवली, दुसऱ्याला तीच लक्षणं शरीरात काय बिघडल्याने होतात त्यासकट. लगेच परीक्षा घेतली तर दोन्ही गट सारखेच. आठवड्याने घेतली तर कारणासकट शिकलेले निदानात पुढे. म्हणजे खाली असलेलं विज्ञान वरच्या लक्षणांना धरून ठेवतं. ते स्वतः आठवत नसलं तरी. हॉलंडमधल्याच बोशाउझेन आणि श्मिट यांनी त्याआधीच दाखवलं होतं की मुरलेले डॉक्टर निदान करताना शरीरशास्त्राचा उल्लेखही करत नाहीत, पण खोदून विचारलं तर त्यांच्याकडे ते विद्यार्थ्यांहून खोल असतं. गाठोडं बांधून ठेवलेलं. जुन्या वाण्याला पावकी-निमकी म्हणून दाखवा म्हटलं तर तो अडखळेल, पण सव्वाशे ग्रॅम जिऱ्याचे पैसे तुम्ही पाकीट काढायच्या आत सांगेल.

मामांचंच बघा. ते स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढतात. तिथे बरगड्यांवरून एक बारीक तंतू खाली उतरतो, लाँग थोरॅसिक, ब्रॅकियल प्लेक्ससच्या, म्हणजे हाताच्या मज्जातंतूंच्या जाळ्याच्या, मुळांतूनच निघालेला. तो कापला गेला तर खांद्याचं पातं पाठीमागे पंखासारखं बाहेर येतं आणि बाईला हात डोक्यावर नेता येत नाही, केसही विंचरता येत नाहीत. मामांच्या कुठल्या रुग्णाला असं झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आकृती कागदावर येत नसेल, चिमट्याच्या टोकाला येते. "काय अडलंय माझं" याचं उत्तर हेच: काही अडलं नाही, कारण ते शिकलात.

आता राहिले मोबाईल आणि त्याचा थोरला भाऊ, तो डिजिटल डिसेक्शन टेबल. स्वच्छ, वास नाही, हव्या त्या कोनातून बघा. मला तो आवडतो, मी वर्गात वापरलाही. पण त्याच्या पोटात कुणाचं शरीर असतं? अशा चित्रांचा मोठा आधार असलेला व्हिजिबल ह्यूमन प्रोजेक्टचा पुरुष, अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने १९९४ मध्ये जगाला दिलेला, मिलिमीटरभर जाडीच्या कापांनी बनलेला. तो होता टेक्ससमध्ये मृत्युदंड झालेला एक कैदी. त्याचं ॲपेंडिक्स आधीच काढलेलं होतं, एक वृषण नव्हतं आणि एक दातही नव्हता. प्रमाण म्हणून निवडलेला देहसुद्धा प्रमाणात बसेना! मला तर ते त्याचं सर्वांत शैक्षणिक वैशिष्ट्य वाटतं. पण अडचण अशी की पडद्यावर तो एकच माणूस पुन्हा पुन्हा दिसतो. दहा टेबलांवर दहा माणसं असली की तीन नंबरवर मस्क्युलोक्युटेनिअस नसतो.

इथे एक गोष्ट पूर्वपक्षाने कधी उचलली नाही, पण उचलायला हवी होती. ही दहा माणसं येतात कुठून? आपल्याकडे १९४९ च्या ॲनाटॉमी कायद्याने बेवारस मृतदेह महाविद्यालयांना मिळू लागले. बेवारस म्हणजे कोण, ते सांगायला नको. श्रीमंत बेवारस मरत नाहीत. अनेक पिढ्यांच्या डॉक्टरांनी ज्यांच्यावर शिक्षण घेतलं त्यांना जिवंतपणी डॉक्टर मिळाला नसेल, अशी शक्यता बरीच. देहदान वाढलंय, त्याने हे चित्र थोडं बदललंय, आणि आता अभ्यासक्रमात 'मृतदेह हा आपला पहिला गुरू' असा एक पाठही आहे. मला त्या पाठाच्या भाषेपेक्षा मॅडमचं 'यांना' जास्त पटतं.

परीक्षेबद्दल मात्र मी पूर्वपक्षाच्या रांगेत उभा आहे, आणि पुढे उभा आहे. वर्षभर टेबलावर जे शिकतात ते आम्ही परीक्षेत विचारत नाही. विचारतो ते नावं. अठरा महिन्यांचे बारा केले तेव्हा नावं तितकीच ठेवली आणि टेबलाशेजारचा वेळ कापला. म्हणजे पाठांतर कमी करायच्या नावाखाली पाठांतराशिवाय जे काही होतं तेच कमी केलं. मग पोरं म्हणतात पहिलं वर्ष म्हणजे घोकंपट्टी, आणि आम्ही म्हणतो, बघा, पोरंही म्हणतात. अख्ख्या वर्षात एखाद्या पेपरात तरी विचारावं: तुमच्या टेबलावर पुस्तकाशी न जुळणारं काय सापडलं?

तीन नंबरच्या टेबलावरची ती मुलगी त्याच वर्षी व्हायवाला बसली होती. बाहेरगावचे परीक्षक होते, वयस्कर, एका शब्दाच्या उत्तराची सवय असलेले. त्यांनी विचारलं, "बायसेप्स, नर्व्ह सप्लाय?"

ती म्हणाली, "मस्क्युलोक्युटेनिअस, सर. बहुतेकांत."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "बहुतेकांत म्हणजे?"

तिने सांगितलं. मी दारापाशी बशीतल्या स्पॉटर्सच्या चिठ्ठ्या नीट करत होतो, त्या करायच्या थांबलो. सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग चहाचा कप तसाच भरलेला ठेवून उठले आणि मला म्हणाले, "कुठे ठेवलाय तो हात?"